गिळलेली उत्तरं

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून टाकते. शिवणकारखान्यात मी कापड बेतते. शाळांचे गणवेश, दवाखान्यातले डगले, हॉटेलातल्या वाढप्यांचे शर्ट, सगळं आधी माझ्या टेबलावर येतं. पुठ्ठ्याचे नमुने कापडावर असे बसवायचे की चिंधीसुद्धा वाया जाता कामा नये. बाही उलटी फिरवून कॉलरच्या बगलेत घालायची, खिसा दोन पाठींच्या मधल्या फटीत. मास्तरांचं गाडं अडलं की हाक येते, "अहो बाई, जरा बघता का?" मी बघते, बसवून देते आणि वर चार शब्द ऐकवते. मास्तर हसतात. सगळा कारखाना मला वचकून असतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

अशी मी, आणि घरी दर रविवारी दुपारी मूग गिळून बसायचे. एक नाही, दोन नाही, तब्बल अकरा वर्षं.

आमचे सासरे, म्हणजे अण्णा, घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले, म्हणून डावा डोळा अजून अर्धा मिटलेलाच असतो. आता दुकान माझा नवरा बघतो. अण्णांचं एकच वेड, कोडी. गिऱ्हाइकांकडून ऐकलेली, वर्तमानपत्रातून उतरवलेली, स्वतः रचलेली अशी शेकडो कोडी त्यांनी एका जाडजूड वहीत लिहून ठेवली आहेत. उत्तर मात्र एकाचंही नाही. "उत्तर वहीत ठेवलं की डोक्याला गंज चढतो," म्हणतात.

रविवारी जेवणं झाली की ताटं बाजूला सरकवायची आणि वही उघडायची. अण्णा कोडं वाचणार. ज्याला उत्तर आलं त्यानं टेबलावर टकटक करायचं. सगळ्यात शेवटी राहील त्यानं भांडी घासायची. खेळायला आम्ही तिघं, नवरा, सासूबाई आणि मी, आणि गेली तीन वर्षं माझी मुलगी बिट्टी. नवरा नेहमी पहिला. भांडी सासूबाईंकडे किंवा माझ्याकडे. घरात हसणं-खिदळणं चालायचं, अण्णा मला "आमची मंद गॅसची शेगडी" म्हणायचे आणि मीही हसायचे.

पण लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी असं नव्हतं. त्या दिवशी अण्णांनी विचारलं होतं, "एक घड्याळ सहाचे ठोके पाच सेकंदांत देतं. बाराचे ठोके किती सेकंदांत देईल?" नवऱ्यानं लगेच टकटक केलं. "दहा." मी नवी नवरी, पण जीभ कुठे ऐकते! म्हटलं, "अकरा. ठोके नाही मोजायचे, मधल्या जागा मोजायच्या. सहा ठोक्यांत पाच जागा, बारात अकरा."

अण्णांनी टेबलावर असा हात आपटला की पेले उडाले. "वा! पोराचं डोकं सुनेकडे गेलं!" आणि नवऱ्याकडे बघत पोट धरून हसले. पुढची दहा मिनिटं तेच. "घड्याळजीचा मुलगा आणि ठोके मोजता येईनात!"

नवरा नऊ दिवस माझ्याशी बोलला नाही.

तो वाईट माणूस नाही हो. मला ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसतो. पण बापासमोर हरला की तो आठ वर्षांचा होतो. त्या नऊ दिवसांतच केव्हातरी स्वयंपाकघरात सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि नळ मोठा सोडून हळूच म्हणाल्या, "उत्तर आलं ना, तरी गिळायचं. मी काय करते इतकी वर्षं? घरात शांतता राहते." मग नळ बंद करून गेल्यासुद्धा.

मी गिळायला शिकले. सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली. कोडं संपायच्या आत उत्तर समोर दिसायचं, कापडावर बाही दिसते तसं. मी कपाळाला हात लावून म्हणायचे, "बाई गं, माझं डोकंच चालत नाही," आणि उठून भांडी घासायचे. मनात म्हणायचे, एवढ्याशा गोष्टीनं घर सुखात राहत असेल तर माझं काय जातंय? भांडी तर भांडी.

माझं काय जात होतं ते मला गेल्या गुरुवारी शाळेत कळलं.

बिट्टी नऊ वर्षांची आहे. तिच्या वर्गबाईंनी मला बोलावून घेतलं होतं. तरुण बाई, बोलायला गोड, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. त्यांनी सांगितलं की पुढच्या सत्रापासून वर्गाचे दोन भाग होणार. जी मुलं मागे पडतात त्यांचा वेगळा वर्ग. बिट्टीचं नाव त्यात आलंय. "आणि खरं सांगू का, एकदा त्या वर्गात गेलेलं मूल परत वर आलेलं मी अजून पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हटलं, "माझी मुलगी? ती तर दोन वर्षांची असताना..." बाईंनी तिचा गणिताचा पेपर माझ्यासमोर ठेवला. अर्धा पेपर कोरा. मग त्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"हे बघा."

कोऱ्या जागांवर पेन्सिलीचे वळ दिसत होते. दाबून लिहिलेलं आणि रबरानं खोडलेलं. एकशे चव्वेचाळीस. बहात्तर. साडेतीन. सगळीच्या सगळी उत्तरं बरोबर. बाई म्हणाल्या, "ती आधी सोडवते आणि मग खोडते. मी विचारलं तर नुसती खाली बघते. हेडबाईंना हे पटत नाही, त्या म्हणतात पेपरावर आहे तेच खरं. मी हातापाया पडून एक संधी मिळवली आहे. सोमवारी मी तिला एकटीला बसवून अठरा प्रश्न देणार आहे. तेवढ्यावर ठरेल. तुम्ही तिच्याशी बोला."

शाळेबाहेर बसस्टॉपच्या बाकावर मी तिला बसवलं. राग तर असा आला होता की काही विचारू नका, पण कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"का खोडतेस गं?"

ती पायातला बूट दुसऱ्या बुटावर घासत राहिली. "पहिल्या बाकावरचा मुलगा आहे ना, त्याच्या आधी मला आलं की तो माझ्यासोबत डबा खात नाही."

"मग नको खाऊ दे! त्याच्या डब्यासाठी तू नापास होणार?"

"तू पण तर करतेस."

"मी काय करते?"

"तुला येतं," बिट्टी म्हणाली. अगदी साधेपणानं, जसं बस येतेय म्हणावं. "कोडं आलं की तुझं नाक हलतं. मग तू म्हणतेस, माझं डोकं चालत नाही. आजीचं पण तसंच आहे, फक्त तिचं नाक नाही हलत, ती पदर सारखा करते. मला आधी वाटायचं हाच खेळ आहे. मुलींनी गप्प बसायचं असतं ह्यात."

मला कुणीतरी फाडकन मुस्काटात मारल्यासारखं झालं. कारखान्यात चार बाप्यांना गप्प करणारी मी, माझ्या पोरीला घरी बसून काय शिकवत होते? तिथेच रडू आलं. बिट्टी घाबरली. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ह्या रविवारी मी गप्प बसणार नाही. आणि तूही नाही. कळलं?"

तिनं दप्तर उचललं आणि बस आली का ते बघायला लागली. शनिवारी रात्री नवऱ्याला मी पेपराची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "घाबरत असेल परीक्षेला. मी समजावतो." त्याला बिचाऱ्याला काय माहीत? आणि मी तरी सरळ का सांगितलं नाही? सांगायचं म्हटलं तर अकरा वर्षांचं सगळंच सांगावं लागलं असतं. म्हटलं, रविवारी एकदाच काय ते होऊन जाऊ दे. माझी तिथेच चूक झाली. पण आता बोलून काय उपयोग.

रविवारी ताटं बाजूला झाली. अण्णांनी वही उघडली, चष्मा पुसला.

"दोन वाळूची घड्याळं. एक चार मिनिटांचं, एक सात मिनिटांचं. त्यांच्यावर बरोबर नऊ मिनिटं मोजायची. कशी?"

नवरा छताकडे बघायला लागला. मी टकटक केलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही एकदम उलटी करायची," मी म्हटलं. "चार मिनिटांचं संपलं की ते पुन्हा उलटं. सातचं संपलं की तेही उलटं. आठव्या मिनिटाला चारचं दुसऱ्यांदा संपतं. तोवर सातच्यातून एका मिनिटाची वाळू खाली आलेली असते. तेव्हा ते उलटं करायचं, ती एका मिनिटात परत जाते. आठ आणि एक नऊ."

अण्णांचा अर्धा मिटलेला डोळासुद्धा उघडला. "अरे वा! आज शेगडी पेटली की!" नवरा हसला, पण ओठांनीच.

दुसरं कोडं. घड्याळाची आठ सारखी चाकं, त्यातलं एक हलकं, तराजू दोनदाच वापरायचा. अण्णांचं वाचून संपलं नव्हतं तोच माझी टकटक. "एका पारड्यात तीन, दुसऱ्यात तीन, दोन बाहेर. पारडी सारखी राहिली तर बाहेरच्या दोघांना तोला. नाहीतर वर गेलेल्या तिघांतलं एक एका पारड्यात, एक दुसऱ्यात."

आता कुणी हसलं नाही. सासूबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अण्णा मात्र रंगात आले होते. हात चोळत म्हणाले, "थांब, थांब. आता हे आमच्या बिट्टीसाठी. दुकानात तीन डबे आहेत. एकावर चिठ्ठी 'काटे', एकावर 'स्प्रिंगा', एकावर 'दोन्ही'. एकात नुसते काटे आहेत, एकात नुसत्या स्प्रिंगा, एकात दोन्ही. पण तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या लावल्यात. एकाच डब्यात हात घालून, न बघता, एकच वस्तू काढायची आणि तिन्ही डब्यांत काय आहे ते सांगायचं. कुठल्या डब्यात हात घालशील?"

नवरा पटकन म्हणाला, "काटेवाल्या." अण्णांनी नुसता हात वर केला. "तुला नाही विचारलं. आणि चूक."

बिट्टीनं बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचे ओठ हलले, अगदी थोडेसे.

"मला नाही येत," ती म्हणाली. "माझं डोकंच चालत नाही."

माझ्याच आवाजात. माझाच हेल. मला राहवलं नाही.

"येतं तिला! मला जसं अकरा वर्षं येतंय ना, तसंच येतं!"

अण्णांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"म्हणजे मला सगळी येत होती, अण्णा. पहिल्या दिवसापासून. एखाद-दुसरं सोडलं तर सगळी. मी बोलत नव्हते कारण तुम्ही तुमच्या मुलाला हसता, आणि तुम्ही हसलात की तो घरात तोंड उघडत नाही. आणि आता माझी पोर शाळेत बरोबर उत्तरं खोडतेय. उद्या ती ढ मुलांच्या वर्गात जाईल. पुरे झालं!"

अण्णांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग हळूच सासूबाईंकडे वळले. त्यांचं वळणं बघून मला वाटलं, आता त्या नेहमीसारखं उठून पाणी आणायला जातील. त्या उठल्या नाहीत.

"माझ्याकडे काय बघता?" सासूबाई म्हणाल्या. "मलाही येतात. निम्मी तरी येतात."

"मग मी चाळीस वर्षं खेळत कुणाशी होतो?" अण्णा म्हणाले. ते रागावले असते तर मी तयारीत होते. रागावले नाहीत. वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. म्हाताऱ्या माणसाला असं बघवत नव्हतं. पण मी एक शब्द मागे घेतला नाही.

खुर्ची सरकली. नवरा उठला होता. "मी दुकानात जाऊन येतो."

रविवारी दुकान बंद असतं. सगळ्यांना माहीत होतं. तो दारापाशी जाऊन बूट घालायला बसला. आणि बिट्टी खुर्चीवरून उडी मारून त्याच्यामागे पळाली.

"बाबा, मला खरंच नाही येत! आईला पण नाही येत, ती उगाच बोलते. तुझंच बरोबर असेल. काटेवाला. काटेवालाच आहे. बाबा, नको ना जाऊ."

तो लेस बांधत होता. त्याचा हात थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. पोर त्याला थांबवायला स्वतःला मूर्ख म्हणवून घेत होती, आणि ते त्याला त्या क्षणी समजलं.

"बिट्टी," तो म्हणाला, "कुठला डबा?"

तिनं मागे वळून मला पाहिलं. मी मान हलवली नाही, डोळ्यानं खुणावलं नाही. तिचं तिलाच ठरवू दे म्हटलं. तिनं डोळे घट्ट मिटले, खांदे कानांपर्यंत वर ओढले आणि म्हणाली, "दोन्हीवाला."

आमच्या घरात तिच्यावर कधी कुणी हात उगारलेला नाही. तरी ती मार चुकवत असल्यासारखी उभी होती.

"का?" त्यानं विचारलं.

"कारण चिठ्ठी खोटी आहे ना. मग त्याच्यात दोन्ही नसणारच. काटा निघाला तर सगळे काटेच. मग स्प्रिंगा लिहिलंय त्याच्यात दोन्ही. कारण नुसत्या स्प्रिंगा तर नाहीतच, आणि काटे सापडलेत. मग राहिला तो स्प्रिंगांचा." एका दमात, डोळे मिटूनच.

"बरोबर," तो म्हणाला. "माझं चुकलं होतं."

"मग तू जाणार?"

"नाही."

तेव्हा तिनं एक डोळा उघडला. त्यानं बूट काढून ठेवला. माझ्याकडे मात्र त्यानं त्या दिवशी पाहिलं नाही, आणि मीही जवळ गेले नाही. पुढचे दिवस कसे जातील ते मला दिसत होतं, पण मला त्याची भीती वाटली नाही. भीती सोमवारची होती.

सोमवारी मी कारखान्यात अर्धा दिवस रजा टाकली. वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये पाऊण तास उभी होते. दाराच्या काचेतून तिची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती, आणि रबर तिच्या हाताशी होतं. ती एकदाही त्याला हात लावते का, तेवढंच मी बघत होते. पाऊण तासात माझे किती वेळा प्राण गेले ते माझं मला माहीत.

बाई पेपर घेऊन बाहेर आल्या. चेहरा फुललेला. "अठराच्या अठरा! आणि एकही खोडलेलं नाही. हेडबाईंना आत्ताच दाखवते. तुमची मुलगी इथेच राहणार."

मी भिंतीला टेकले. बिट्टी दारात येऊन उभी राहिली, दप्तर पोटाशी धरून.

"पण मजेशीर आहे हं," बाई हसत म्हणाल्या. "पेपर देताना मला विचारते, बाई, हे वर्गात कुणाला सांगणार नाही ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाही गं सांगणार. घाबरली होती बिचारी."

"सांगा," मी म्हटलं. "आजच सांगा. सगळ्या वर्गासमोर उभं करून सांगा, अठरापैकी अठरा!"

माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या वर्गाचं दार उघडून दोन-तीन मुलं डोकावली. बिट्टी धावत माझ्याजवळ आली, माझ्या हाताला लोंबकळली आणि त्या मुलांकडे बघत कुजबुजली, "आई, हळू बोल ना."